डाग जावा, मेण राहावे

आश्विनातील अमावास्येची रात्र महाराष्ट्रात लक्ष्मीपूजनाची असते. बंगालमध्ये ती कालीपूजेची असते. ह्या दिवसांत कोलकात्यात नव्यानेच बिऱ्हाड थाटलेल्या मराठी कुटुंबाला एक पाहुणा हटकून भेटतो. तिन्हीसांजेला दिवा लागला, की तांदळाच्या दाण्याएवढे, किंबहुना त्याहूनही लहान असे हिरवे किडे खिडकीतून आत शिरतात आणि दिव्याभोवती फेर धरतात. ताटात, पाण्याच्या पेल्यात, उघड्या पुस्तकाच्या पानावर ते पडत राहतात. बंगाली भाषेत त्यांना ‘श्यामापोका’ म्हणतात. पोका म्हणजे किडा, आणि श्यामा हे कालीमातेचे एक नाव. श्यामापूजेच्या सुमारास येणारा तो श्यामापोका.

आपल्या शेतकऱ्याला हा किडा अनोळखी नाही. कोकणात काय किंवा भंडारा-गोंदियाकडे काय, भातावर पडणारा हिरवा तुडतुडा तो हाच. भाताच्या पानांतील रस शोषून तो जगतो, आणि ‘टुंग्रो’ नावाचा विषाणुरोग एका रोपावरून दुसऱ्या रोपावर नेतो. बंगालमधील पावसाळी भात, ज्याला तेथे ‘आमन’ म्हणतात, पिकावर येऊ लागते तेव्हा ह्या तुडतुड्यांची संख्या बरीच वाढलेली असते, आणि उजेडाची ओढ तर त्यांना जन्मजातच असते. शहराच्या मध्यभागी ते आता पूर्वीइतके दिसत नाहीत, असे कोलकात्याचे जुने रहिवासी सांगतात. परंतु शहराची वेस ओलांडून हुगळी व पूर्व वर्धमान जिल्ह्यांतील भातशेतांमधून जाणारा हमरस्ता धरला, की मोटारीच्या दिव्यांच्या झोतात त्यांचे थवेच्या थवे उतरताना दिसतात.

घरात आलेला किडा सकाळी केरसुणीने बाहेर जातो. मोटारीच्या अंगावर आपटून चिरडलेला किडा मात्र तसा जात नाही. तो काढावा कसा, आणि काढताना रंगावरील मेणाचा रक्षक पदर शाबूत कसा ठेवावा, हा ह्या लेखाचा विषय आहे. मोटार आता केवळ श्रीमंतांचे वाहन राहिलेली नाही. बँकेचे कर्ज काढून, इतर खर्चांना कात्री लावून घेतलेली लहान मोटार आज असंख्य मध्यम स्थितीतील कुटुंबांच्या दारात उभी आहे. तिचा रंग एकदा बिघडला, तर तो पुन्हा देणे हे मोठ्या खर्चाचे काम असते. म्हणूनच हा विषय वरवर क्षुल्लक भासला, तरी तो गृहव्यवस्थेतील एक प्रश्नच आहे.

एका बॉनेटची दोन अंगे

आमच्या परिचयाचे एक मराठी गृहस्थ नोकरीनिमित्त कोलकात्यात राहतात. कालीपूजेच्या सुटीत ते सहकुटुंब शांतिनिकेतनला गेले होते. परतताना शक्तिगढला ‘लांगचा’ ह्या तेथील प्रसिद्ध मिठाईसाठी ते थांबले. हमरस्त्याच्या दुतर्फा मिठाईची झगमगती दुकाने आणि त्यांच्या मागे भाताची काळोखी शेते, असे ते ठिकाण. तेथून पुढे दुर्गापूर द्रुतगती मार्गाने ते रात्री उशिरा घरी पोचले. सकाळी पाहतात तो मोटारीचे बॉनेट, पुढचा बंपर व आरशांच्या पाठी किड्यांनी माखून गेलेल्या. मोटार घेऊन वर्षही झाले नव्हते. गृहस्थ अस्वस्थ झाले. त्यांनी स्वयंपाकघरातील भांडी घासण्याची नायलॉनची घासणी आणि कपडे धुण्याची पावडर घेतली, आणि उन्हात उभे राहून बॉनेटची डावी बाजू जोर लावून घासावयास सुरुवात केली.

त्यांच्या वृद्ध मातोश्री गॅलरीतून हे पाहत होत्या. त्या म्हणाल्या, “अरे, दुधाच्या पातेल्याची खरवड कधी कोरडी निघते का? आधी भिजत घाल, आणि चहा घ्यायला वर ये.”

मुलाने उजव्या बाजूवर ओला पंचा पसरला आणि तो चहाला वर गेला. पंधरा मिनिटांनी त्याने तो पंचा उचलला, तेव्हा निम्मे किडे पंच्याबरोबरच निघून आले, आणि उरलेले मऊ फडक्याच्या हलक्या हाताने गेले. दोन्ही बाजूंचे किडे निघाले, ह्यात शंका नाही. परंतु मोटार सुकून उन्हात उभी राहिली, तेव्हा डाव्या बाजूवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक वर्तुळाकार ओरखडे चमकू लागले. पुढच्या पावसात दुसरा फरक कळला. उजव्या बाजूवर पाण्याचे टपोरे थेंब होऊन ते घरंगळत होते. डाव्या बाजूवर पाणी ओल्या पाटीवर पसरावे तसे पसरत होते. तेथील मेण किड्यांबरोबर गेले होते.

ह्या एका बॉनेटच्या दोन अंगांत आमच्या लेखाचे सार आले आहे. डाग दोन्ही रीतींनी जातो. फरक पडतो तो मागे काय उरते ह्यात.

रंगावर रंग, त्यावर मेण

मोटारीचा रंग म्हणजे एकच थर नव्हे. सर्वांत खाली पत्र्याला गंजापासून वाचविणारा थर, त्यावर अस्तराचा थर, त्यावर प्रत्यक्ष रंगाचा थर आणि सर्वांत वर ‘क्लिअर कोट’ नावाचा पारदर्शक थर, अशी आजच्या मोटारींची सर्वसाधारण रचना असते. हे सारे मिळून जाडी होते ती एका मिलिमीटरच्या सुमारे दहाव्या हिश्श्याएवढी, म्हणजे १०० ते १५० मायक्रॉन. त्यात वरचा पारदर्शक थर सहसा ४० ते ५० मायक्रॉनचा असतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, हे ध्यानात घेतले, म्हणजे आपण ज्याला घासणी लावतो ते आवरण किती नाजूक आहे ह्याची कल्पना येते.

ह्या पारदर्शक थरावर आपण हाताने जे मेण चढवितो, त्याचा पदर तर एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. उत्तम मोटारमेणात ‘कार्नोबा’ हे मेण असते. ब्राझीलच्या ईशान्य भागात वाढणाऱ्या एका ताडवर्गीय वृक्षाच्या पानांवर ते जमते. उष्ण व कोरड्या हवेत पानांतील ओलावा उडून जाऊ नये, म्हणून वृक्षाने स्वतःसाठी केलेली ती सोय होय. पाने वाळवून व झोडपून हे मेण मिळवितात. ते सुमारे ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळते. मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंशांनाच वितळते. भर उन्हात उभ्या केलेल्या गडद रंगाच्या मोटारीचा पत्रा साठ अंशांच्याही वर तापू शकतो, हे पाहता कार्नोबाला एवढा मान का, हे सहज कळते.

मेणाचे काम दुहेरी असते. पाणी, धूळ आणि घाण ह्यांना ते रंगाला थेट चिकटू देत नाही. आणि जे काही बिघडावयाचे ते आधी स्वतःवर घेते. दर दोन-तीन महिन्यांनी मेण पुन्हा चढविता येते. घासून गेलेला क्लिअर कोट मात्र घरी परत आणता येत नाही.

किडा रंगाला काय करतो?

मोटार वेगात असताना आपटलेल्या किड्याचे दोन भाग होतात. एक त्याचे कठीण कवच, पंख व पाय; हे ‘कायटिन’ नावाच्या चिवट द्रव्याचे असतात. दुसरा त्याच्या शरीरातील प्रथिनयुक्त द्रव. ताजा असताना हा द्रव पाण्याने सहज धुतला जातो. परंतु इंजिनाच्या उष्णतेने व उन्हाने तो आटतो, आणि अंड्याचा पांढरा बलक तव्यावर जसा घट्ट होतो, तसा तो पत्र्यावर घट्ट बसतो. अंड्याची बशी कढत पाण्यात टाकली तर अंडे अधिकच चिकटते, म्हणून जाणत्या गृहिणी ती आधी गार पाण्यात टाकतात. किड्यांनाही हाच न्याय लागू आहे.

वेळ गेला की आणखी एक गोष्ट घडते. अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात मे व सप्टेंबर महिन्यांत ‘लव्हबग’ नावाच्या काळ्या माश्यांचे थवे रस्त्यांवर येतात, आणि मोटारींचे पुढचे अंग त्यांनी भरून जाते. त्या माश्यांच्या अवशेषांविषयी तेथील अभ्यासकांना असे आढळले, की आरंभी त्यांचा पीएच जवळजवळ साध्या पाण्याएवढा, म्हणजे साडेसहाच्या आसपास असतो. परंतु एक दिवस पडून राहिल्यावर तो ४.२५ पर्यंत उतरतो. पीएच एका अंकाने उतरला की आम्लता दसपट वाढते. अर्थात केवळ चोवीस तासांत आम्लता शंभरपटीहून अधिक वाढली. हे आम्ल उन्हात रंगावर काम करू लागते आणि किडा निघून गेल्यावरही त्याच्या आकाराचा निस्तेज ठसा मागे राहतो.

फ्लॉरिडाची माशी वेगळी, बंगालचा तुडतुडा वेगळा. तरीही मोटारवाल्याने घ्यावयाचा धडा एकच आहे: किड्यांच्या बाबतीत आज आणि उद्या ह्यांत फार अंतर असते. पहिल्या दिवशी पाणी पुरते. चौथ्या दिवशी औषध लागते. महिन्याने औषधही हात टेकते.

मेण कशाने जाते?

साध्या पाण्याने मेण विरघळत नाही. सौम्य साबणाच्या पाण्यानेही त्याला फारसा धक्का लागत नाही. मेणाचे शत्रू तीन आहेत.

पहिला शत्रू तीव्र क्षार. कपडे धुण्याच्या पावडरीत धुण्याच्या सोड्यासारखे क्षार असतात. तेलकट मळ सोडविणे हे त्यांचे काम, आणि मेण हे त्यांच्या दृष्टीने तेलकट मळच. भांडी घासण्याचा द्रव साबण एवढा क्षारयुक्त नसतो, तथापि ओशटपणा काढण्यासाठीच तो बनविलेला असल्याने तो पुनःपुन्हा वापरला, की मेण क्षीण होत जाते. पैठणी किंवा रेशमी साडी आपण सोड्याच्या पाण्यात बुडवीत नाही, रिठ्याच्या सौम्य फेसात धुतो; त्यातील विवेक येथेही हवा.

दुसरा शत्रू रॉकेल, पेट्रोल व थिनर. रॉकेलचे फडके फिरविताच किडे सुटतात व मोटार चमकते, म्हणून अनेक ठिकाणी हा उपाय सर्रास केला जातो. पण ती चमक रॉकेलच्या तेलकट थराची असते. मेण त्यात विरघळून फडक्यावर आलेले असते.

तिसरा शत्रू घर्षण. घासणी, काथ्या, जाडेभरडे फडके, एवढेच काय, धूळ बसलेल्या मोटारीवरून फिरविलेले मऊ कोरडे फडकेसुद्धा रंगावर ओरखडे काढते. किड्यांची कवचे व रस्त्याची वाळू फडक्याखाली सापडली, की फडके पॉलिशकागदाचे काम करू लागते.

ह्याखेरीज लिंबू, चिंच व व्हिनेगर हे पितळेच्या भांड्यांचे मित्र मोटारीवर वापरू नयेत. जेथे आम्लाचाच धोका आहे, तेथे आणखी आम्ल कशाला घालावे?

प्रत्यक्ष कृती

आता करावयाचे काय, ते क्रमाने पाहू. साहित्य थोडेच लागते: दोन बादल्या, मोटारीसाठीचा सौम्य शॅम्पू, मायक्रोफायबरची चार-पाच मऊ फडकी आणि एक जुना परंतु स्वच्छ पंचा.

वेळ सकाळची व जागा सावलीची निवडावी. सूर्य कोलकात्यात मुंबईपेक्षा सुमारे एक तास आधी उगवतो. त्यामुळे मुंबईच्या सवयीने आठ वाजता खाली उतरणाऱ्या माणसाला तेथे पत्रा तापलेला सापडतो. रात्री परतल्यावर लगेच धुणे शक्य असेल, तर फारच उत्तम. मात्र इंजिन व बॉनेट पूर्ण निवू द्यावे. तापलेल्या पत्र्यावर शॅम्पू वाळून त्याचेच डाग पडतात.

प्रथम मोटारीवर भरपूर पाणी सोडून सुटी धूळ वाहून जाऊ द्यावी. त्यानंतर पंचा शॅम्पूच्या पाण्यात भिजवून, निथळू न देताच किडे लागलेल्या भागावर पसरावा. पाणी गार किंवा फार तर कोमट असावे. बंपरसारख्या उभ्या भागावर पंचा नीट चापून बसवावा. दहा ते पंधरा मिनिटे त्याला हात लावू नये. तो सुकू लागला तर वरून पाणी शिंपडावे. ह्या पंधरा मिनिटांत आपण काहीच करीत नाही असे वाटते. वस्तुतः सर्वांत मोठे काम ह्याच वेळात होत असते, कारण वाळलेली प्रथिने पाणी पिऊन पुन्हा मऊ होत असतात.

पंचा उचलताना तो ओढू वा घासू नये, वर उचलावा. त्यानंतर मायक्रोफायबरचे ओले फडके घेऊन, बोटांचा भार न देता, एकाच दिशेने सरळ हात फिरवावा. गोल गोल हात फिरविण्याची सवय मोडावी, कारण उन्हात चमकणारी ती जाळी बऱ्याच अंशी ह्याच सवयीतून उत्पन्न होते. फडक्याची घडी घालून प्रत्येक खेपेस स्वच्छ बाजू वर आणावी. मळलेले फडके आधी साध्या पाण्याच्या बादलीत खळबळावे, आणि मगच शॅम्पूच्या बादलीत बुडवावे. दोन बादल्यांचे प्रयोजन हेच, की धुतलेली वाळू पुन्हा मोटारीवर जाऊ नये.

पाण्याविषयी कोलकात्यातील वाचकांसाठी दोन शब्द अधिक. त्या शहरात रस्त्यांच्या कडेला हुगळीचे न गाळलेले पाणी पुरविणारे नळ आहेत. मुख्यतः रस्ते धुण्यासाठी ही व्यवस्था जुन्या काळापासून चालत आली आहे, आणि टॅक्सी धुणारेही त्या पाण्याचा उपयोग करतात. त्या गढूळ पाण्यात बारीक गाळ असतो. टायर व चाके धुण्यास ते ठीक. रंगावर मात्र घरातील स्वच्छ पाणीच घ्यावे. आपल्याकडे विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी वापरणाऱ्यांनी ते घटकाभर स्थिर ठेवून वरचे निवळ तेवढे घ्यावे, आणि धुऊन झाल्यावर मोटार लगेच टिपून घ्यावी, म्हणजे क्षारांचे पांढरे ठिपके पडत नाहीत.

एवढे करूनही एखादा किडा हटला नाही, तर नख, सुरी किंवा घासणी ह्यांच्याकडे वळू नये. भिजविण्याची क्रिया पुन्हा करावी. दुसऱ्या व तिसऱ्या खेपेस बहुतेक किडे सुटतात. तरीही न सुटल्यास किडे काढण्यासाठी मिळणारा तयार द्रव केवळ त्या ठिपक्यापुरता लावावा, बाटलीवर सांगितलेल्या वेळेहून अधिक ठेवू नये, आणि भरपूर पाण्याने धुऊन काढावा. रंगावरील चिकटलेली घाण उचलणारी मोटारीची खास माती बाजारात मिळते. ती उत्तम काम करते, परंतु घाणीबरोबर मेणही थोडेफार उचलते, हे जाणूनच ती वापरावी. अशा वेळी तेवढ्या भागावर मेण पुन्हा चढविले, की झाले.

मेण राहिले की गेले, हे पाहण्यास कोणतेही यंत्र नको. बॉनेटवर ओंजळभर पाणी शिंपडावे. अळूच्या पानावर पडावे तसे थेंब होऊन ते घरंगळले, तर पदर शाबूत आहे. पाणी सपाट पसरून राहिले, तर तेथे मेण उरलेले नाही. मग पत्रा पूर्ण कोरडा करून, सावलीत, अगदी थोडे मेण बोटभर फडक्यावर घेऊन पातळ पसरावे आणि किंचित सुकल्यावर दुसऱ्या स्वच्छ फडक्याने पुसून घ्यावे. जाड थर दिल्याने रक्षण अधिक होत नाही. पुसताना श्रम मात्र अधिक पडतात.

समोरच्या काचेचा विचार निराळा आहे. तेथे मेण नसते, पण रात्रीच्या प्रवासात जिवाचा प्रश्न असतो. काचेवर किडे आपटले असता कोरडा वायपर कदापि चालवू नये. प्रथिनांचा ओशट लेप काचभर पसरतो, आणि समोरून येणाऱ्या दिव्यांच्या उजेडात रस्ता दिसेनासा होतो. मोटार सुरक्षित जागी थांबवावी, काच पाण्याने भिजवावी, पुसावी, आणि मगच पुढे निघावे. अशा प्रवासात पाण्याची एक मोठी बाटली व एक फडके जवळ असणे फार उपयोगी पडते.

फणस चिरण्याआधी

कोकणातील माणूस फणस चिरावयास बसतो, तेव्हा आधी हाताला व कोयत्याला खोबरेल चोपडतो. चीक लागल्यावर तो काढण्याची खटपट करण्यापेक्षा तो लागूच नये, ही तजवीज शहाणपणाची. किड्यांच्या हंगामापूर्वी मोटारीला मेण देणे ही तीच तजवीज होय. बंगालमध्ये दुर्गापूजेच्या सुमारास आणि महाराष्ट्रात एकदा पावसाळ्याच्या तोंडावर व एकदा दसऱ्याच्या आसपास मेण चढविले, तर हंगामातील किड्यांना रंगावर थेट पकड मिळत नाही. पहिल्या पावसानंतर आपल्याकडे वाळवीचे पंखवाले किडे दिव्यांवर झेपावतात, हे आपण जाणतोच. दसऱ्याला मोटारीची पूजा करण्याची आपली चाल आहे. त्या दिवशी हार घालण्यापूर्वी मेणाचा हात फिरविला, तर पूजेलाही एक व्यावहारिक अर्थ प्राप्त होईल.

जुन्या मोटारी बाळगणाऱ्यांनी तर ह्या बाबतीत दुप्पट दक्ष राहावयास हवे. कोलकात्यानजीक उत्तरपाडा येथे १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून मे २०१४ पर्यंत अँबॅसडर मोटारी तयार होत होत्या. त्यांतील कित्येक आजही घराघरांत जपून ठेवलेल्या आहेत. जुन्या काळच्या रंगकामात वरचा पारदर्शक थर नसे. रंग आणि चमक एकाच थरात असे. अशी मोटार घासली, की फडक्यावर तिचा रंगच उतरतो. तेथे मेण हेच एकमेव कवच, आणि ते गेले, की पुढचा घाव थेट रंगावर.

जाता जाता एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात आणि शेजारच्या छोटा नागपूरमध्ये पळस, बोर व कुसुम ह्या झाडांवर लाखेचा किडा पोसला जातो. त्याच्या अंगातून पाझरणाऱ्या राळेपासून लाखदाणा व चपडा लाख तयार होते, आणि लाकडी सामानाला आरशासारखी झिलई देणारे पॉलिश त्यापासूनच बनते. ह्या लाखेच्या अभ्यासासाठी रांचीजवळ नामकुम येथे १९२४ साली संशोधनसंस्था स्थापन झाली. लाखेचे पॉलिशही साध्या पाण्यात विरघळत नाही. स्पिरिटने व तीव्र क्षाराने मात्र उतरते. म्हणजे आपल्या दिवाणखान्यातील जुने शिसवी कपाट आणि दारातील मोटार ह्यांची निगा एकाच नियमाने राखावयाची आहे: मळ ज्याने सुटतो असे सर्वांत सौम्य साधन आधी, आणि तीव्र साधन अगदी शेवटी, तेही गरजेपुरतेच.

वर ज्यांची हकीकत सांगितली, त्या गृहस्थांनी पुढे बॉनेटची डावी बाजू कारागिराकडून पॉलिश करून घेतली. ओरखडे बरेचसे दिसेनासे झाले. परंतु पॉलिश म्हणजे क्लिअर कोट थोडासा झिजविणेच होय, आणि असे किती वेळा करता येईल ह्याला मर्यादा आहे, हे कारागिराने त्यांना बजावून सांगितले. आता कालीपूजा जवळ आली, की त्यांच्या मोटारीत एक जुना पंचा व पाण्याची बाटली ठेवलेली असते. शक्तिगढला लांगचा घेण्याचे त्यांनी सोडलेले नाही. मात्र कितीही रात्र झाली, तरी घरी पोचल्यावर बॉनेट निवेपर्यंत ते हातपाय धुऊन घेतात, ओला पंचा पसरतात, आणि मगच आईने केलेला चहा घेतात.

वाचकहो, आपल्या मोटारीवर किडे दिसतील, तेव्हा आपणही हात आवरावा आणि पाण्याला पंधरा मिनिटे द्यावीत.